पाचव्या नंबरचा समुद्र

गुरुमबोंग डोंगरावर आलेल्या माणसाने काय काय करावं, हे गेली त्रेचाळीस वर्षं इथे दोन बायका सांगतात. एक योम बुनीम आणि दुसरी मी, दॉकजा. राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाज्याबाहेर आमची दोन हॉटेलं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. वर जायला कुठली वाट धरायची, झऱ्याचं पाणी किती प्यायचं, लोखंडी जिन्यावर धाप लागली तर काय करायचं, शिखरावर वारा असला तर कुठल्या खडकाआड बसून डबा उघडायचा, सगळं आम्ही सांगतो. आणि गेल्या शरदापर्यंत आम्ही दोघींनीही ओढ्यावरच्या पहिल्या पुलापलीकडे पाय ठेवला नव्हता.

यात लाजण्यासारखं काय आहे? डोंगराच्या पायथ्याशी राहणारा माणूस डोंगर चढत नाही, त्याला कामं असतात. चढायचं शहरातल्या लोकांनी. पाच दिवस खुर्चीत बसतात आणि सहाव्या दिवशी अंगावर इतकं सामान चढवून येतात, की पाहणाऱ्याला वाटावं हे आता बर्फात हरवणार आणि यांना शोधायला माणसं पाठवावी लागणार. सहा तासांत खाली येतात, दरवाज्याजवळच्या हवेच्या नळीने बुटांची धूळ उडवतात आणि माकगली मागतात. भाताची ती पांढरी दारू पोटात गेली की प्रत्येकाने आपापला वेगळाच डोंगर चढलेला असतो.

ही माणसं खाली उतरली की दोन्ही हॉटेलांच्या दारात ओढाताण सुरू होते. मी म्हणते, "या या, पातीच्या कांद्याचं धिरडं गरम आहे." बुनीम म्हणते, "मुक खा, आजच लावलाय." मुक म्हणजे ओकच्या फळांची वडी. फळं फोडायची, भिजवायची, तुरटपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं, वाटायची, खाली बसलेला साका शिजवून थापायचा. सगळी मरमर करून शेवटी हातात येते एक थरथरणारी तपकिरी वडी, तिला स्वतःची म्हणून काही चवच नसते. लोक तिच्यासाठी रांग लावतात. आमच्या डोंगरावरची फळं वेचायला उद्यानाच्या रखवालदारांनी कधीच बंदी केली आहे, ती खारींची आहेत म्हणे. तेव्हा डोंगराचा मुक दुसऱ्याच कुठल्या डोंगरावरून पोत्यांनी येतो. हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि बुनीम सांगत नाही.

पण रांग काही मुकासाठी नव्हती. रांग होती पाटीसाठी.

बुनीमचा नवरा योंगपाल याने हॉटेल काढल्या वर्षीच अक्रोडाच्या फळीवर ब्रशने लिहिलं होतं, 'गुरुमबोंगला आलात तर या सात गोष्टी करा.' अक्षर देखणं, माणूसही बरा होता दिसायला. पहिल्या पुलापर्यंत कुणाशी बोलू नका, ओढा ऐका. विहाराशेजारच्या झऱ्याचे तीन घोट प्या, चौथा मागच्याला ठेवा. लोखंडी जिन्याच्या पायऱ्या मोजू नका. अशी एकेक गोष्ट. पाचवी होती, 'शिखरावर पूर्वेला तोंड करून उभे राहा, समुद्र दिसेल.' सहावी, 'उतरताना कुणी विचारलं किती राहिलं, तर सांगा आलंच.' आणि सातवी अर्थातच बुनीमकडचा मुक खाण्याची. पहिल्या सहा गोष्टी सातवीच्या जाहिरातीसाठी आहेत, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. मीही माझ्या नवऱ्याला, दालसूला, पाटी लिहायला बसवलं. आम्ही आठ गोष्टी केल्या. आठवी काय लिहावी ते त्याला सुचेना, म्हणून त्याने 'पुन्हा या' असं लिहिलं. लोक हसले. ती पाटी मी चुलीत घातली.

सांगायचं आहे ते पाचव्या गोष्टीबद्दल.

बुनीम समुद्रावरची. बाप मच्छीमार, घराच्या ओट्यावरून लाट दिसायची. पंचविसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली तर चारी बाजूंनी डोंगर. पहिल्या हिवाळ्यात ती इतकी रडली की तिची सासूही घाबरली. सासू घाबरायच्या जातीची नव्हती. गाठोडं बांधून बुनीम बसच्या थांब्यावर दोनदा जाऊन बसली, दोन्ही वेळा बर्फामुळे बस आली नाही. तिसऱ्यांदा योंगपाल तिच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "वरून तुझा समुद्र दिसतो. मी बघून येतो आणि तुला सांगतो."

हॉटेलाला सुट्टी सोमवारची. त्या सोमवारपासून तो जायला लागला. सकाळी सातला निघायचा, दुपारी तीनला परत. बुनीम ओकफळांचं पाणी बदलत मागच्या अंगणात बसलेली असायची. तो आला की विचारायची, "होता का?"

"होता. निळा होता."

"होड्या किती?"

"दोन. एक लांब गेली होती."

कधी म्हणायचा धुकं होतं, काही दिसलं नाही. त्या दिवशी खाली उतरणारेही धुक्याबद्दलच बोलायचे, म्हणजे माणूस खरा. हे मी भिंतीपलीकडून चाळीस वर्षं ऐकलं. स्वतः वर जायचं बुनीमच्या मनात यायचं, नाही असं नाही. आधी पोटुशी, मग दुसरं, मग सासू अंथरुणाला खिळली ती अकरा वर्षं, मग गुडघे. आणि समुद्र घेऊन येणारा माणूस घरात असताना तिने कशाला जावं?

गावाने मात्र या सोमवारांचा वेगळा हिशेब लावला होता. डोंगराच्या पलीकडच्या दरीत एक विधवा मक्याची कणसं उकडून विकायची. चेहरामोहरा चांगला. योंगपाल दर सोमवारी डोंगर ओलांडून कणसं खायला जातो, असं लोक बोलू लागले. खोटं कशाला सांगू, त्यात तिखटमीठ मीही लावलं होतं. तेव्हा आमचं सांडपाण्याच्या नालीवरून भांडण चालू होतं.

पुढे एकदा दालसूला माकगली जास्त झाली आणि तो बोलून गेला. म्हणाला, "कसली विधवा घेऊन बसलीस? योंगप्याला उंचीची भोवळ येते. लोखंडी जिना बघितला तरी पाय लटपटतात त्याचे. तो झऱ्यापाशी जातो, खडकावर झोपतो. वरून येणाऱ्यांना विचारतो, आज उघडं होतं का. उघडं असलं तर हिला निळा समुद्र, नसलं तर धुकं. शिखर त्याने जन्मात पाहिलेलं नाही." मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाला, "तुझ्या पोटात राहील ना?"

राहिलं. वीस वर्षं राहिलं. मी काही देवमाणूस नाही. असं हत्यार हाती आल्यावर ते कुठल्यातरी फालतू भांडणात वाया घालवायचं नव्हतं, म्हणून जपून ठेवलं. बुनीमने एकदा भर गिऱ्हाइकांत माझ्या आंबवलेल्या मुळ्याच्या किमचीला वास येतो म्हटलं. तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. पण तिच्या हातात ओकफळांची बादली होती आणि दिवस सोमवार होता. मी तोंड मिटलं. मग योंगपालच वारला, तीन वर्षांपूर्वी. आता मेलेल्या माणसावर हत्यार काय उपसायचं?

गेल्या शरदात, पानं ऐन लाल झालेली असताना, एक निवृत्त भूगोल शिक्षक आला. ग्वाक नावाचा. गळ्यात होकायंत्र, खिशात नकाशा. मी तेव्हा बुनीमकडे मीठ उसनं मागायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं. त्याने मुक खाल्ला, तोंड पुसलं आणि फार नम्रपणे म्हणाला, "आजी, मुक उत्तम. पण पाटीवरची पाचवी गोष्ट चुकली आहे."

"कशी?"

"वरून समुद्र दिसत नाही." त्याने ताटली बाजूला सारून नकाशा पसरला. "पूर्वेची ही डोंगररांग आपल्या शिखरापेक्षा दोनशे मीटर उंच आहे. तिच्या पलीकडचं दिसणार कसं?"

"तुम्ही नीट पाहिलं नसेल."

"मी चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय, आजी."

"मी त्रेचाळीस वर्षं मुक विकतेय," बुनीम म्हणाली. मग तिने इतर टेबलांकडे वळून विचारलं, "काय हो, तुम्हाला दिसला ना समुद्र?"

सगळ्यांना दिसला होता. एकाला निळा दिसला, एकीला चंदेरी. एका गृहस्थांनी फोनवर फोटो दाखवला, त्यात आभाळ होतं. एक बाई तर म्हणाली, "डोळ्यांत पाणीच आलं हो." चाळीस वर्षं हेच चाललं होतं. पाटीवर लिहिलंय, आजी प्रेमाने विचारतेय, आपल्याला दिसला नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं प्रत्येकाला वाटत आलं आणि प्रत्येकजण मान डोलावत आला.

गुरुजींनी हळूच विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः पाहिलात का?"

बुनीमने नकाशा त्याच्या हातात दिला आणि त्याची ताटली उचलून आत गेली. तिच्या हॉटेलात गिऱ्हाईक उठायच्या आधी ताटली उचललेली मी कधी पाहिली नव्हती. मीठ न घेताच मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नालीपाशी आली. तिच्यापेक्षा मी दोन वर्षांनी लहान, म्हणून ती मला नावाने हाक मारते आणि मला तिला ताई म्हणावं लागतं, मनात काहीही असलं तरी.

"दॉकजा, सोमवारी मी वर जातेय."

"कशाला?"

"समुद्र बघायला."

"गुडघ्यांना विचारलंस का, ताई?"

"तू येतेस का?"

"मी कशाला येऊ? मला काय काम नाही?"

ती नालीतल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "समुद्र दिसत नसेल, तर दर सोमवारी तो कुठे जात होता?"

आता बघा माझी गत. विधवेची भानगड मीच अर्धी शिजवलेली. आज खरं सांगितलं तर विधवा सुटते, पण समुद्र जातो. गप्प बसले तर वर जाऊन हिला समुद्र दिसणार नाही, आणि मग विधवाच खरी ठरणार. वीस वर्षं मी ज्याला हत्यार समजत होते, त्याचं टोक माझ्याकडेच होतं. मी म्हटलं, "काठी आणते. तू काकड्या घे."

दालसूला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी? वर? अगं, हाताशी आलेलं गिऱ्हाईक निसटल्यासारखी तोंडं करून खाली याल."

"तू कांदे निवड," मी म्हटलं.

सोमवारी साडेसहाला निघालो. मी आदल्या संध्याकाळी धुकं मागितलं होतं. बुद्धाला मागितलं, डोंगराच्या देवाला मागितलं, आणि माझी नणंद चर्चला जाते तिच्याकडूनही मागवलं. डोंगराच्या नावाचा अर्थच ढगांचं शिखर. वर्षातले दोनशे दिवस ते ढगात असतं. त्या सोमवारी आभाळ घासून पुसून ठेवलेलं. एक ढग नाही. कुणाच्या म्हणून भरवशावर राहायची सोय नाही.

आमच्या अंगावर बाजारात घेतलेल्या फुलाफुलांच्या सुती विजारी, डोक्यावर गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या टोप्या. बुनीमच्या पाठीवर मुकाचा डबा. शंभर हात गेलो नाही तर एका चकचकीत जोडप्याने आम्हाला थांबवून विचारलं, "आजी, इथे काय काय बघण्यासारखं आहे?" आम्ही सांगितलं. नेहमीचंच सांगितलं. ते खूश होऊन पुढे गेले.

पहिल्या पुलापर्यंत न बोलण्याचा नियम आम्ही पाळला. पाळायला काही कष्ट पडले नाहीत, बोलायला दम नव्हता. पुढे मी उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, किती राहिलं. पहिला माणूस हसून म्हणाला, "आलंच." तेव्हा साडेसात वाजले होते. आठ वाजता दुसरा म्हणाला, "आलंच, दहा मिनिटं." पावणेनऊला तीन बायका एका सुरात म्हणाल्या, "आलंच की." मी तिथेच काठी आपटून म्हटलं, "लाज नाही वाटत म्हाताऱ्या बायकांशी खोटं बोलायला?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. बुनीम म्हणाली, "त्यांना कशाला रागावतेस? आपल्याच पाटीवर लिहिलंय." आपल्याच म्हणाली. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

नऊच्या सुमाराला विहार आला. शेजारी झरा, झऱ्याला लागून एक सपाट खडक. खडक मधोमध घासून गुळगुळीत झालेला. मी तो पाहिला आणि म्हटलं, "ताई, इथे नको थांबायला, पाय आखडतील." पण तेवढ्यात विहारातली म्हातारी भिक्षुणी झाडू घेऊन बाहेर आली.

"योंगपालची बायको ना तू? त्याच्या अंत्यविधीला पाहिलं होतं तुला." आणि आत जाऊन तिने एक ॲल्युमिनियमचा पेला आणला. कडेला पोचा आलेला. "त्याचा आहे. कुणीतरी न्यायला येईल म्हणून ठेवला."

बुनीमने पेला हातात फिरवला. "तो इथे यायचा?"

"दर सोमवारी. नऊला इथे."

"दर सोमवारी? एकही चुकला नाही?"

"पाऊस असला तरी यायचा. पाऊस असला तर ओसरीत बसायचा."

माझ्या जिवात जीव आला. विधवा सुटली होती, आणि मला तोंडही उघडावं लागलं नव्हतं. पण बुनीमने पुढे विचारलं, "आणि मग?"

भिक्षुणीने माझ्याकडे बघितलं. मी बुनीमच्या पाठीमागून डोळे मोठे केले, मान हलवली, छातीवर हात ठेवला, जे करता येईल ते केलं. आता भिक्षुणीने खोटं बोलायचं नसतं. तिने झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकली आणि जरा विचार करून म्हणाली, "मग उठून जायचा."

काय खोटं होतं त्यात? काहीच नाही. मी मनातल्या मनात तिला दंडवत घातला.

"जायच्या आधी मात्र," तिला राहवलं नाही, "वरून येणाऱ्या एकेकाला विचारायचा, आज उघडं आहे का म्हणून. फार चौकस माणूस."

माझा दंडवत मी परत घेतला. बुनीमने पेला झऱ्याखाली धरला. पेल्याने तीन घोट पाणी प्यायली, पेला विसळून माझ्या हातात दिला. मीही प्यायले. मग ती त्या खडकावर जाऊन बसली, बरोबर त्या गुळगुळीत जागी. तिथून वरच्या बाजूला झाडांमधून लोखंडी जिना दिसतो. सरळ उभा, कड्याला चिकटवलेला. तिने तो बराच वेळ बघितला. योंगपाल एकदा हॉटेलाच्या छपरावरची गळती बुजवायला शिडीवर चढला होता आणि तिसऱ्या पायरीवरून त्याला दालसूने उचलून खाली आणलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिला तर असणारच.

"ताई, परत फिरायचं का?" मी विचारलं. "गुडघे बघ तुझे."

"पाचवी गोष्ट राहिलीय अजून," ती म्हणाली आणि उठली.

जिन्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. पायऱ्या मोजू नका असं पाटीवर आहे. मी मोजल्या. चारशे बारापर्यंत मोजल्या, मग देवाचं नाव घेत राहिले. मधे एका जागी बुनीम कठड्याला धरून थांबली आणि खाली बघून म्हणाली, "हे त्याला कसं जमलं असतं?" मला म्हणाली की स्वतःला, ते कळलं नाही. मी काकडी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. मला तिचा राग आला होता. इतकं कळल्यावरही ही बाई चढतेय कशाला? मग वाटलं, हिच्याशी एकदाचं बोलून टाकावं, मोकळं व्हावं. पण बोलायला मला कुणी विचारलंच नाही.

एक वाजता पोचलो. शिखरावरच्या नाव कोरलेल्या दगडाजवळ फोटोसाठी रांग होती. इतके कष्ट करून माणसं वर येतात आणि वर आल्यावर दगडाशेजारी उभं राहायला पुन्हा रांगेत थांबतात. आमच्या पुढच्या दोन पोरींनी आम्हाला पुढे घातलं आणि आमचा फोटो काढला. त्यात मी डोळे मिटलेत आणि बुनीम दुसरीकडेच बघतेय, पूर्वेकडे.

पूर्वेला डोंगर होते. गुरुजींची रांग आमच्यापेक्षा चांगली दोनशे मीटर उंच, बिनचूक. तिच्या मागे आणखी एक. वर स्वच्छ, कोरडं, निर्लज्ज आभाळ. धुक्याचा एक धागा असता तरी मी निभावून नेलं असतं.

बुनीम कडेच्या दोरखंडापाशी जाऊन उभी राहिली. वारा होता, टोपी तिने हातात घेतली. आठ-दहा मिनिटं तरी ती तशीच उभी होती. मागे लोक डबे उघडत होते, कुणीतरी अंडी सोलत होतं. ती रडली असती तर मी सांभाळलं असतं. मेल्याला शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. ती नुसती बघत होती. पंचविसाव्या वर्षी बसच्या थांब्यावर अशीच बसायची.

मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "दॉकजा, तुझी नजर चांगली आहे. तुला दिसतो का?"

वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आली होती. आता सांगायला काय हरकत होती? तिला सगळं कळलंच होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं, एवढंच काम. सकाळपासून मी खोटं बोलणाऱ्यांवर काठी आपटत आले होते.

"दिसतो की," मी म्हटलं. "त्या मागच्या रांगेच्या वर फिका पट्टा आहे बघ. तोच."

ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली. तिथे आभाळ होतं, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मच्छीमाराच्या पोरीला समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं हे मी शिकवायचं?

"होड्या किती?" तिने विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "एक लांब गेलीय."

"हं," ती म्हणाली. तिने टोपी घातली, खडकाआड वारा नसलेली जागा शोधली आणि मुकाचा डबा उघडला. आम्ही जेवलो. मीठ कमी होतं, मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, मीठ उसनं न्यायला आलेली बाई न नेताच पळून जाते तेव्हा असंच होतं. त्यात काय अर्थ होता ते मला कळलं नाही, पण बरं वाटलं.

उतरताना गुडघ्यांनी बंड केलं. जिना आम्ही पाठमोऱ्या होऊन उतरलो. जिन्याच्या पायथ्याशी एक तरुण बाई लालबुंद तोंडाने बसली होती. तिने हात जोडून विचारलं, "आजी, अजून किती राहिलं हो?"

वर जायला तिला दोन तास तरी लागणार होते. मी बुनीमकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

"आलंच," आम्ही दोघी म्हणालो.

विहारापाशी बुनीमने पेला भिक्षुणीला परत दिला. "असू दे इथेच," ती म्हणाली, "दुसरं कुणीतरी बसेल." घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दालसूने एकही कांदा निवडलेला नव्हता. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, समुद्र बघितला. तो माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिला आणि मग त्याने न सांगता भांडी घासायला घेतली.

पाटी गुरुजी आले त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. माझी खात्री होती की आता ती चुलीत जाणार, माझी गेली तशी. मंगळवारी सकाळी नालीपाशी गेले तर बुनीमने पुन्हा मुकाचं तुरट पाणी माझ्या बाजूला सोडलेलं. सोमवारचा एवढा डोंगर मी तिच्याबरोबर चढले त्याची ही किंमत. मी तरातरा पुढच्या दाराने तिच्या हॉटेलात शिरले, भांडायलाच.

पाटी जागेवर होती. पाण्याने पुसलेली, सरळ टांगलेली. योंगपालची सातही वाक्यं तशीच्या तशी. फक्त पाचव्याच्या खाली, 'समुद्र दिसेल' याच्या खाली, बुनीमने जाड पेनाने एक ओळ घातली होती. तिचं अक्षर वाईटच आहे, मी नेहमी म्हणते.

'दिसला नाही, तर सोबतच्या माणसाला विचारा.'

ती आतून म्हणाली, "काय गं, काय हवंय?"

"मीठ," मी म्हटलं.